न आलेल्यांची यादी: बीपीच्या रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवताना

प्राथमिक आरोग्य केंद्रातली बीपीची नोंदवही उघडली की आलेली माणसं दिसतात. आज कोण आलं, किती बीपी भरलं, कोणत्या गोळ्या दिल्या. जानेवारीत गोळ्या घेऊन गेलेली आणि फेब्रुवारीत न फिरकलेली माणसंही त्याच वहीत असतात, पण ती शोधायला मागची चाळीस पानं उलटावी लागतात, आणि दुपारी दोनला ओपीडी संपल्यावर ते कोणाला जमत नाही. उच्च रक्तदाबात सहसा त्रास जाणवत नाही, म्हणून गोळ्या सुटतात. पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो तो अशाच माणसाला. संगणकाकडून पहिलं काम करून घ्यायचं ते हेच: न आलेल्यांची यादी. तक्ते, आलेख, अहवाल सगळं त्यानंतर.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्या उपक्रमात 'सिम्पल' नावाचं मोबाइल अॅप वापरलं जातं. तुमच्या केंद्रात ते किंवा सरकारी एनसीडी (असंसर्गजन्य आजारांचं) पोर्टल नीट चालत असेल, तर तेच वापरा आणि इथलं फक्त तपासणीचं आणि हिशोबाचं घ्या. धर्मादाय दवाखाना, छोटं रुग्णालय, किंवा जिथे अजून वहीच आहे अशा ठिकाणी खालची पद्धत साध्या स्प्रेडशीटवर उभी राहते. एक लॅपटॉप, लिब्रेऑफिस किंवा एक्सेल, आणि रोज एक तास देणारी एक व्यक्ती एवढं पुरतं. जुनी वही भरायला एका रुग्णामागे तीन मिनिटं धरली, तर ४०० रुग्णांना २० तास लागतात. हे काम दोन आठवड्यांत विभागून करा. एकाच बैठकीत भरलेल्या नोंदींत शेवटी शेवटी चुका वाढतात.

तीन शीट, आणि आडवी वही नको

कागदी वहीत एका रुग्णाची एक ओळ असते आणि पुढे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे रकाने. हीच वही जशीच्या तशी संगणकावर उतरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की वर्ष संपताच नवी फाइल काढावी लागते, महिन्यात दोनदा आलेल्या रुग्णाची दुसरी भेट लिहायला जागा नसते, आणि 'शेवटची भेट कधी' हा साधा प्रश्न सूत्राला विचारता येत नाही.

म्हणून तीन वेगळ्या शीट करा. 'रुग्ण' शीटमध्ये एका माणसाची एकच ओळ: क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, लिंग, जन्मवर्ष, गाव, वाडी किंवा वस्ती, फोन, फोन कोणाचा, आशाताईंचा विभाग, नोंदणीची तारीख, मधुमेह आहे का, आणि सद्यस्थिती. 'भेट' शीटमध्ये प्रत्येक भेटीची एक ओळ: रुग्ण क्रमांक, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, बीपी कोणी मोजलं, कोणत्या मशीनवर, कोणती गोळी, किती दिवसांची, पुढची तारीख. तिसरी 'साठा', गोळ्यांच्या शिलकेची. एवढंच. पन्नास रकान्यांचा सुंदर तक्ता तिसऱ्या आठवड्यात ओस पडतो. जो रकाना भरून कोणाचा कोणताच निर्णय बदलत नाही, तो काढून टाका.

वय लिहू नका, जन्मवर्ष लिहा. वय दरवर्षी चुकीचं होत जातं. जन्मवर्ष माहीत नसेल तर अंदाजे वयावरून काढा आणि शेजारच्या रकान्यात 'अंदाजे' अशी खूण करा.

रुग्ण क्रमांकात केंद्राचा छोटा कोड, वर्ष आणि चार आकडी अनुक्रम असावा. त्यात गाव, जात, आजार असं काही गुंफू नका. माणूस गाव बदलतो, क्रमांक बदलता कामा नये. हा क्रमांक रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहा. भेट भरताना क्रमांक टाइप केल्यावर शेजारच्या रकान्यात 'रुग्ण' शीटमधलं नाव शोधून आपोआप उमटवणारं लुकअप सूत्र लावा. ०४१२ ऐवजी ०४२१ पडलं तर दुसऱ्याचं नाव दिसतं आणि चूक जागीच पकडली जाते. एवढ्या एका सूत्राने जितक्या चुका वाचतात, तितक्या कोणत्याही प्रशिक्षणाने वाचत नाहीत.

भरायला बसण्याआधी रकान्यांना बंधनं घाला. वरचा आकडा ७० ते २६० आणि खालचा ४० ते १५० यांच्या बाहेर गेला तर इशारा यावा. वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा असायलाच हवा. भेटीची तारीख आजच्या पुढची नसावी, नोंदणीच्या आधीची नसावी. गाव, गोळी, मोजणारी व्यक्ती हे सगळं यादीतून निवडायचं, हाताने टाइप करायचं नाही. मात्र इशारा 'नोंद अडवणारा' ठेवू नका. वरचा आकडा खरंच २७० असलेला माणूस समोर बसलेला असतो, आणि अडवणारा इशारा आला की भरणारा २६० लिहून मोकळा होतो.

तारखांचा घोळ सगळ्यात घातक, कारण तो दिसत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ३ एप्रिलसाठी टाइप केलेलं ०३/०४ हे ४ मार्च म्हणून साठवलं जातं. १३ तारखेपासून पुढे तोच संगणक तारखेला तारीख मानतच नाही, ती अक्षरं म्हणून राहते. तपासायची सोपी खूण अशी: रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, तर डावीकडच्या तारखा नाहीत. संगणकाची प्रादेशिक मांडणी 'भारत' करा आणि तारीख दाखवताना महिना अक्षरी ठेवा.

आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, १४ आकडी असतो. तो ठेवायचा असेल तर रकाना आधीच 'मजकूर' प्रकारचा करा, नाहीतर एक्सेल त्याला दशांशचिन्ह आणि घात लावून दाखवतं. आभा ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही. आधार क्रमांक या फाइलमध्ये मुळीच नको.

एकच माणूस दोनदा: मराठी नावांची जुळणी

इंग्रजी नावांसाठी लिहिलेली तयार साधनं इथे तोकडी पडतात. 'सुनीता रामचंद्र पवार', 'पवार सुनिता रामचंद्रराव' आणि 'सौ. सुनिताबाई पवार' ही एकच बाई असू शकते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही ठिकाणी पहिलंही बदलतं. माहेरी बाळंतपणाला आलेली असताना नोंदलेली बाई सासरच्या गावात नव्याने नोंदली जाते. एकाच नावाच्या दोन ओळी राहिल्या की एका ओळीत ती नियमित येते आणि दुसऱ्या ओळीत 'गैरहजर' दिसते. मग आशाताई उन्हातान्हात तिच्या घरी जाते, आणि ती म्हणते, "अहो, मी तर परवाच येऊन गेले." असं तीनदा झालं की यादीवरचा सगळ्यांचा विश्वास उडतो.

जुळणीसाठी नावाचा एक साधा 'साचा' वेगळ्या रकान्यात तयार करा. मूळ नाव बदलायचं नाही, साचा फक्त शोधण्यापुरता. आधी पुढच्या-मागच्या आणि दुहेरी मोकळ्या जागा काढा, त्याला ट्रिम सूत्र आहे. श्री, सौ, श्रीमती, राव, बाई, ताई, बुवा हे काढा. पण 'राव' फक्त नावाच्या शेवटी असेल तरच, नाहीतर 'रावसाहेब' चा 'साहेब' होतो. नंतर दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करा, ष चा श करा, ण चा न करा, आणि 'शिन्दे'सारखं लिहिलेलं अनुस्वाराच्या 'शिंदे'वर आणा.

आता मराठीपुरती खास अडचण. 'गोऱ्हे' मधला ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो: एका कळफलकावरून वेगळं 'ऱ' अक्षर येतं, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. कधी ते एक अखंड अक्षर असतं, कधी अ आणि वरचा चंद्र अशी दोन. 'कऱ्हाड' निवडून गाळणी (फिल्टर) लावली आणि निम्मेच रुग्ण दिसले, तर बाकीचे हरवलेले नाहीत, ते दुसऱ्या स्पेलिंगमध्ये आहेत. शोधा-बदला वापरून सगळे एका रूपात आणा आणि गावांसाठी यादीच वापरा. आकड्यांनाही हे लागू आहे. देवनागरीत टाइप केलेला १४० बऱ्याच मांडण्यांत अक्षर ठरतो आणि बेरजेतून गळतो. बीपीच्या रकान्यांत कोणते आकडे टाइप करायचे ते पहिल्या दिवशी ठरवा आणि कळफलकावर चिठ्ठी लावा.

साचा तयार झाला की एकच साचा, तेच गाव आणि जन्मवर्षात तीनपर्यंत फरक, अशा जोड्या काढा. फोन नंबर ओळख म्हणून वापरू नका. आई, वडील आणि काकू या तिघांसमोर एकाच मुलाचा नंबर असतो. निघालेल्या जोड्या आशाताईंना दाखवा. "ह्या दोघी जावा आहेत" की "ही एकच" हे त्या एका नजरेत सांगतात, आणि तिथे कोणतंही सूत्र त्यांची बरोबरी करू शकत नाही. एकच निघाली तर जुनी ओळ पुसू नका. सद्यस्थितीत 'दुबार' लिहा आणि खरा क्रमांक शेजारी नोंदवा, म्हणजे जुनं कार्ड घेऊन ती आली तरी सापडते.

आकडा खरा आहे का

चुकीचं मोजलेलं बीपी कितीही नीट साठवलं तरी चुकीचंच राहतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला आधार, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, मोजताना बोलणं बंद, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाभोवती यायला हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी नोंदवा. वरचा आकडा १८० किंवा जास्त, अथवा खालचा ११० किंवा जास्त असेल, तर संगणक बाजूला ठेवून रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे न्या.

हे सगळं पाळलं जातंय का, हे आकडेच सांगतात. वरच्या आकड्याला १० ने भागून उरलेली बाकी काढा, म्हणजे शेवटचा अंक मिळतो. डिजिटल मशीनवर ० ते ९ प्रत्येक अंक साधारण १० टक्के वेळा यायला हवा. २०० मोजण्यांत शून्य सुमारे २० वेळा येईल. निव्वळ योगायोगाने १२ ते २८ पर्यंत खालीवर होऊ शकतं. ६० किंवा ८० वेळा आलं तर कोणीतरी आकडा गोल करतंय किंवा न मोजताच लिहितंय. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिमीच्या असतात, तिथे फक्त सम अंक येतात आणि प्रत्येकाचा वाटा २० टक्के धरायचा. हीच मोजणी मोजणाऱ्या व्यक्तीप्रमाणे आणि मशीनप्रमाणे वेगळी करून पाहा. दुसरी खूण १४० च्या आसपास असते: १३८ ची गर्दी आणि १४२ चा दुष्काळ दिसला, तर 'नियंत्रणात' दाखवण्याचा दबाव आकड्यांत उतरलाय.

हे पुरावे म्हणून कोणापुढे फेकू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं: ओपीडीत १२० माणसं, मशीन एक, सेल उतरलेले. दुसरं मशीन आणि दोन खुर्च्या मिळाल्या की अंक आपोआप सुधारतात. सिस्टरना सगळ्यांसमोर बोललं, तर पुढच्या महिन्यात शेवटचे अंक सुंदर पसरलेले दिसतील, पण तेही मनानेच लिहिलेले असतील.

नोंदी भरण्यातली चूक वेगळी मोजा. दर महिन्याला ४० भेटी चिठ्ठ्या टाकून निवडा, केसपेपरवरून दुसऱ्या व्यक्तीकडून सहा मुख्य रकाने पुन्हा भरून घ्या आणि ताडून पाहा. २४० जागांपैकी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फरक आला, तर तो कोणत्या रकान्यात साचलाय ते शोधा. चुका सहसा एकाच रकान्यात जमतात.

हिशोब: भागिले किती?

बीपी नियंत्रणात म्हणजे शेवटच्या भेटीत वरचा आकडा १४० च्या आत आणि खालचाही ९० च्या आत. एकही बाहेर असेल तर नियंत्रणात नाही. इथवर वाद नसतो. चूक होते ती छेदात.

उदाहरणादाखल एक केंद्र घेऊ. ३१ मार्चला हिशोब करायचाय. ३१ डिसेंबरपर्यंत नोंदलेले ४१२ रुग्ण. जानेवारीपासून पुढे नोंदलेले घ्यायचे नाहीत, उपचाराला गुण यायला वेळ द्यावा लागतो. ४१२ पैकी मृत्यू ७, आणि दुसऱ्या केंद्रात गेल्याची खात्री झालेले ५. उरले ४००. जानेवारी ते मार्चमध्ये त्यांतले २६० आले. त्यांपैकी १५६ नियंत्रणात, ९२ नियंत्रणाबाहेर, आणि १२ जणांचं बीपी मोजलंच नाही, कारण गोळ्या न्यायला मुलगा आला होता. १४० जण आलेच नाहीत.

आलेल्यांपैकी काढलं तर १५६ भागिले २६०, म्हणजे ६० टक्के. छान वाटतं. खरा आकडा १५६ भागिले ४००, म्हणजे ३९ टक्के. नियंत्रणाबाहेर २३, आले पण बीपी नाही ३, न आलेले ३५. चारही मिळून १००. हे चार आकडे नेहमी एकत्र लिहा. एकटा ६० टक्के लिहिला की डॉक्टर गोळ्यांचा डोस बदलायचा विचार करतात, आणि या केंद्राचं मोठं दुखणं तर न आलेले १४० जण आहे.

वर्षभरात एकदाही न आलेल्यांना 'संपर्क तुटलेले' म्हणून छेदातून वगळायची पद्धत काही ठिकाणी आहे. समजा १४० पैकी असे ६० आहेत. ते काढले की १५६ भागिले ३४० म्हणजे सुमारे ४६ टक्के होतात. एकाही माणसाचं बीपी न उतरता केंद्र सात टक्क्यांनी सुधारलं! वगळायचेच असतील तर वगळलेली संख्या त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

सूत्रं बसवताना 'आजची तारीख' हे सूत्र वापरू नका. एका घरात हिशोबाची तारीख हाताने लिहा आणि सगळी सूत्रं तिच्याकडे वळवा, म्हणजे मार्चचा अहवाल जूनमध्येही तसाच निघतो. 'रुग्ण' शीटमध्ये मॅक्सइफ्स (अटीत बसणारा सगळ्यात मोठा आकडा देणारं सूत्र) वापरून त्या तारखेपर्यंतची शेवटची भेट काढा. 'भेट' शीटमध्ये क्रमांक आणि तारीख जोडून एक मदतनीस रकाना करा आणि इंडेक्स-मॅच या शोधसूत्रांच्या जोडीने त्या दिवशीचं बीपी आणा. इथे दोन सापळे आहेत. एकही भेट नसलेल्या रुग्णाला मॅक्सइफ्स शून्य देतं, आणि ते तारखेच्या रूपात १९०० किंवा १८९९ साल म्हणून दिसतं. दुसरा जास्त वाईट: बीपीचं घर रिकामं असेल तर 'इफ' सूत्र त्याला शून्य मानतं, शून्य १४० पेक्षा कमी असतो, आणि न मोजलेला माणूस गुपचूप 'नियंत्रणात' जाऊन बसतो. म्हणून आधी घर रिकामं आहे का ते विचारा, मगच तुलना करा. वरच्या उदाहरणात ही एक चूक ३९ चे ४२ टक्के करते.

उपकेंद्रांची तुलना करताना जपून. २० रुग्णांत ८ नियंत्रणात असले तर ४० टक्के, ११ असले तर ५५. तीन माणसांचा फरक आहे हा. एवढ्या लहान संख्येत योगायोगच वीस टक्क्यांपर्यंत वरखाली करू शकतो, त्यावर शाबासकी देऊ नका आणि खुलासाही मागू नका. ऋतूही पाहा: थंडीत बीपी थोडं वाढतं, म्हणून जानेवारी-मार्चची तुलना आधीच्या वर्षीच्या जानेवारी-मार्चशीच करायची.

दर सोमवारची यादी

पुढची तारीख म्हणजे भेटीची तारीख अधिक दिलेल्या गोळ्यांचे दिवस. ती उलटून सात दिवस झाले की नाव यादीत येतं. ८ ते ३० दिवस उशीर: फोन. ३१ ते ९० दिवस: आशाताईंची घरभेट. त्यापुढे: घरभेट आणि सद्यस्थितीची खात्री. प्रत्येक यादीत आधी ते, ज्यांचा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त होता. एका आशाताईकडे आठवड्याला दहापेक्षा जास्त नावं देऊ नका. चाळीस नावांची यादी पाहून कोणीच निघत नाही.

फोनचा किंवा भेटीचा निकाल ठराविक पर्यायांतूनच नोंदवा: येणार, खासगीत उपचार चालू, गावाबाहेर, गोळ्यांनी त्रास, 'बरं वाटतंय म्हणून बंद केल्या', फोन लागत नाही, नंबर चुकीचा, मृत्यू. तीन महिन्यांनी हे पर्याय मोजले की काम कुठे आहे ते कळतं. 'नंबर चुकीचा' जास्त आले तर नोंदणीच्या टेबलावरच मिस्ड कॉल देऊन नंबर तपासा. 'बरं वाटतंय' जास्त आले तर गोळ्या देताना दोन वाक्यं जास्त बोलायची गरज आहे.

'गावाबाहेर' या पर्यायाखाली महाराष्ट्राचा सगळा श्रमाचा हिशोब दडलेला असतो. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांना फेब्रुवारीत 'गैरहजर' ठरवून काय उपयोग? 'रुग्ण' शीटमध्ये 'हंगामी स्थलांतर' रकाना ठेवा आणि निघण्याच्या महिनाभर आधी त्यांची यादी काढा. डॉक्टरांनी योग्य मानल्यास जास्त दिवसांच्या गोळ्या आणि कार्डाची प्रत बरोबर देता येते. आषाढी वारीला जाणाऱ्यांचंही असंच, फक्त तीन आठवड्यांपुरतं.

'भेट' शीटमधून वार काढून मोजा. बुधवारी बाजार असलेल्या गावात लोक बुधवारीच येतात, आणि एनसीडीचा दिवस शुक्रवारी ठेवलेला असतो. दिवस बदलणं फुकट आहे.

गोळ्यांचा अंदाज

साठ्याची मागणी मागच्या महिन्याच्या खपावरून काढली की एक दुष्टचक्र सुरू होतं. गोळ्या पंधरा दिवस नव्हत्या, खप निम्मा दिसला, पुढची मागणी निम्मी गेली. मागणी रुग्णांवरून काढा. २४० रुग्ण अम्लोडिपिन ५ मिग्रॅ रोज एक घेत असतील, तर महिन्याला ७,२०० गोळ्या. माल यायला दोन महिने आणि हाताशी एक महिन्याचा राखीव धरला तर २१,६०० हव्यात. शिल्लक ६,५०० असेल तर मागणी १५,१००. मुदत संपत आलेल्या गोळ्या शिलकेत धरू नका. न आलेल्यांना परत आणायची मोहीम काढताय तर त्यांच्याही गोळ्या आधी मागवा. फोन करून बोलावलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवलं, तर तो दुसऱ्या फोनला येत नाही.

फाइल कोणाच्या हातात

आजाराची माहिती त्या माणसाची आहे. फाइलला पासवर्ड, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी), प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. संपूर्ण यादी व्हॉट्सअॅप गटावर कधीही टाकू नका, फोटो काढूनही नाही. आशाताईंना फक्त त्यांच्या विभागातली नावं द्या, आणि त्या कागदावर आजाराचं नाव नको. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहेच, पण गावात मुलीचं लग्न ठरत असताना आईबापांचा आजार चव्हाट्यावर येणं काय असतं हे समजायला कायदा लागत नाही. दर शुक्रवारी एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, तोही एन्क्रिप्ट करून, आणि कपाटात कुलूप लावून. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेली प्रत आहे असं धरू नये.

रुग्ण दोन हजारांवर गेले, किंवा दोन टेबलांवर एकाच वेळी भरायची वेळ आली, की स्प्रेडशीट सोडा. एकमेकांच्या नोंदी पुसल्या जायला लागतात. बाह्मनी, डीएचआयएस-२ ही आरोग्य नोंदी ठेवण्याची मुक्त स्रोत साधनं आहेत. तीन शीटची शिस्त आधीपासून असेल तर जुनी माहिती तिकडे सहज जाते. निदानाला तेव्हा प्रमाणित कोड लावा: आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्राथमिक उच्च रक्तदाबाचा कोड आय-१० आणि टाइप २ मधुमेहाचा ई-११. आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतच आहे.

संशोधनासाठी वापरायचं असेल तर

सेवा सुधारण्यासाठी मोजणं वेगळं आणि संशोधन म्हणून प्रसिद्ध करणं वेगळं. दुसऱ्यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची परवानगी आधी हवी. काम झाल्यावर मागितलेली परवानगी चालत नाही. प्रश्नही आधी लिहून ठेवा, नाहीतर वीस रकान्यांची एकमेकांशी तुलना करत गेलं की एखादा संबंध योगायोगाने सापडतोच.

नाव, फोन, पत्ता आणि रुग्ण क्रमांक काढून टाकणं पुरेसं नाही. साठ उंबऱ्यांच्या वाडीतली ९२ वर्षांची बाई नावाशिवायही सगळ्यांना कळते. गावाऐवजी तालुका ठेवा, जन्मवर्षाऐवजी पाच वर्षांचे गट, आणि ८० च्या वरचे सगळे एकाच गटात. प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा यादृच्छिकपणे ठरवलेल्या एकाच संख्येइतक्या दिवसांनी सरकवा, म्हणजे भेटींमधलं अंतर टिकतं आणि खरी तारीख लपते. मात्र ऋतूचा अभ्यास असेल तर ही सरकवणी मोजक्याच दिवसांची ठेवा. तक्त्यात पाचपेक्षा लहान संख्या छापू नका.

निष्कर्ष काढताना सगळ्यात फसवी तुलना म्हणजे 'नोंदणीच्या वेळचं बीपी आणि सहा महिन्यांनंतरचं'. ज्या दिवशी आकडा जास्त आला त्याच दिवशी नोंदणी झालेली असते. बीपी रोज खालीवर होतं, म्हणून पुढची मोजणी गोळी न घेताही सरासरीने खाली येते. नोंदणीआधी वेगवेगळ्या दिवशी दोनदा मोजलेलं असेल, तर दुसऱ्या दिवसाचा आकडा सुरुवात म्हणून धरा. तुलनेला दुसरा गट असेल तर उत्तमच.

'कोण गैरहजर राहील' याचा अंदाज सांगणारं मॉडेल बांधायची हौस असेल, तर आधी एक साधा नियम आजमावा: मागच्या तीन तारखांपैकी दोन चुकवलेले. मॉडेल या नियमापेक्षा सरस ठरलं तरच ठेवा. एका घटकामागे निदान दहा गैरहजेऱ्या हाताशी नसतील तर सुरुवातच करू नका. २०२३ च्या नोंदींवर शिकवा आणि २०२४ च्या नोंदींवर तपासा. एकाच वर्षाच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून अर्ध्या-अर्ध्या वाटल्या की मॉडेल खऱ्यापेक्षा हुशार दिसतं. 'फोनचा निकाल' हा रकाना त्याला देऊ नका. तो रुग्ण चुकल्यावरच भरला जातो, त्यामुळे मॉडेल ९९ टक्के अचूक दिसेल आणि सोमवारी सकाळी, जेव्हा तो रकाना अजून रिकामा असतो, तेव्हा एकही नाव सांगू शकणार नाही.